एका साध्या आजीचं मत

जावईबापूंनी स्वतः लिहिलेल्या कार्टूनचा एकही भाग टीव्हीवर पाहिलेला नव्हता. भाग लागायची वेळ झाली की ते खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसायचे आणि पाहणाऱ्यांची तोंडं पाहायचे. पाहणारे म्हणजे मुख्यतः सासरे. घर त्यांचं, टीव्ही त्यांचा आणि रिमोटही अर्थातच त्यांच्याच हातात.

सासऱ्यांना घरात आणि घराबाहेर सगळे अप्पा म्हणत. ते ऑडिटर म्हणून निवृत्त झाले होते. हयातभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या आणि निवृत्तीनंतर काढायला चुका उरल्या नाहीत म्हणून ते टीव्हीकडे वळले. तिथे त्यांना ‘गाढवाला ठाऊक’ सापडलं. पोलीस चौकीत ओझी वाहणारं एक गाढव. ते गाढवच आहे म्हणून त्याच्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात, चोरही बोलतो आणि बोलता बोलता जे फक्त चोरालाच माहीत असू शकतं ते बोलून बसतो. मग गाढव एक कान वळवून शांतपणे विचारतं, “हे तुम्हाला कसं ठाऊक?” की चोराची बोबडी वळते. एवढंच. पण या एवढ्यावर अप्पांनी ‘गाढवप्रेमी मंडळ’ नावाचा ग्रुप काढला, त्याचे नियम केले, अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि भाग संपला की ते “बरं होतं” एवढे दोन शब्द बोलत. जावईबापू त्या दोन शब्दांवर आठवडा काढत.

लग्नानंतर स्टुडिओ जवळ पडतो म्हणून जावईबापू सासऱ्यांच्या घरी राहायला आले आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव पुसलं गेलं. आता कानाजवळचे केस पिकले तरी अख्खी इमारत त्यांना जावईबापूच म्हणते. नळ दुरुस्त करणारासुद्धा खालून “जावईबापू, पाणी बंद करा!” अशी हाक मारतो. त्यांचं खरं नाव भागाच्या शेवटी पडद्यावरून सुळकन निघून जायचं, पण त्या नावाचा माणूस आपल्याच जिन्यात भेटतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. अप्पांनी शेजाऱ्यांना “जावई स्टुडिओत असतात” एवढंच सांगून ठेवलेलं. त्यामुळे जावईबापू तिथे खुर्च्या मांडत असावेत असा सर्वांचा समज होता.

तर त्या संध्याकाळी पाहुण्यांचा भाग लागायचा होता. पाहुणे म्हणजे सिनेमातले सुपरस्टार, तेही स्वतःच्याच भूमिकेत. महिनाभर त्यांच्या मॅनेजरने जावईबापूंचं रक्त आटवलं होतं. चोर सुपरस्टारच पकडणार. सुपरस्टार पडणार नाहीत, शिंकणार नाहीत, त्यांना भूक लागणार नाही. गाढव आणि सुपरस्टार एकाच चौकटीत आले तर गाढव थोडं मागे. जावईबापूंनी सगळं मुकाट्याने लिहून दिलं. फक्त एक दृश्य त्यांनी जिवापाड जपलं. सुपरस्टार नाटकगृहाच्या मागच्या दाराशी सगळ्यांना सह्या देतात, गाढव पुढे येतं तेव्हा पेनाचं टोपण लावून पाठ फिरवतात. गाढव चौकीच्या शिक्क्याच्या शाईत खूर बुडवतं आणि त्या पांढऱ्याशुभ्र कोटाच्या पाठीवर हळूच उमटवतं. साहेब तसेच रंगमंचावर जातात, लोक टाळ्या वाजवतात. या दृश्यात शब्द एकही नाही, नुसतं संगीत. महिनाभराच्या अपमानाची भरपाई त्या एका खुरात होती.

संगीत सुरू झालं तेव्हा जावईबापूंनी श्वास रोखून अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं! जावईबापूंना खुर्चीतल्या खुर्चीत गहिवरून आलं.

भाग संपला. अप्पांनी टीव्ही बंद केला. मग उठून त्याचा प्लगसुद्धा काढला.

“कसा वाटला?” जावईबापूंनी विचारलं.

अप्पा काही बोलले नाहीत. “बरं होतं” नाही की “बरं नव्हतं” नाही. त्यांनी फोन उचलला आणि एका बोटाने टाइप करायला लागले.

ग्रुपवर आग लागली होती. “गाढवाने टाळ्या वाजवल्या. कशाने?” असं वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं म्हणणं, “चोराने सुपरस्टारला नुसतं पाहिलं आणि रडत गुन्हा कबूल केला. पुरावा कुठाय?” कुणाच्या तरी मुलीने विचारलं होतं, बाबा, गाढव आजारी आहे का? एका सभासदाने “साहेबांचे केस काय छान काढलेत!” असं लिहिलं, तर त्याला विषयांतराबद्दल ताबडतोब काढून टाकण्यात आलं. सर्वांत शेवटी अप्पांचा निर्णय आला: “आजचा भाग मंडळ अमान्य करत आहे. मालिकेच्या भागांत त्याची गणना करू नये. लेखकाने गाढवाचा विश्वासघात केला आहे.”

लेखक समोरच्या खुर्चीत बसून बायकोच्या फोनवर हे वाचत होता. त्याच्या मांडीवर चहाचा कप निवत होता.

दुसऱ्या दिवशी निर्मात्या मॅडमचा फोन आला. “शुक्रवारी चॅनलचे साहेब येतायत. पुढचा सीझन होणारच, प्रश्न लेखकाचा आहे. लोक लेखकाच्या नावाने शंख करतायत म्हटल्यावर मी तरी काय बोलू? शुक्रवारपर्यंत सूर बदलला तर बघू.”

“सूर कसा बदलायचा, मॅडम?”

“ते तुम्ही बघा. लेखक आहात ना?”

जावईबापू फोन ठेवून तसेच उभे राहिले. नोकरी जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. गाढव दुसऱ्याच्या हाती जाईल. तो दुसरा त्याला नाचवेल, गायला लावेल, प्रत्येक भागात टाळ्या वाजवायला लावेल.

लिफ्टमध्ये दातांचे डॉक्टर भेटले. “काय जावईबापू, तुमच्या स्टुडिओत तो लेखक कोण आहे हो? एकदा माझ्या खुर्चीत आणून बसवा. भूल न देता काढतो.” जावईबापू ओठ घट्ट मिटून हसले. डोकेदुखीची गोळी घ्यायला ते औषधवाल्याकडे गेले, तर तिथेही तोच विषय. “चिडलेल्या माणसांना वळवायचं कसं हो?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. औषधवाल्याने रांगेकडे बोट दाखवलं. एक म्हातारी काठी टेकत सरळ पुढे येऊन उभी राहिली होती आणि मागचा एकही माणूस हूं की चूं करत नव्हता. “म्हातारी बोलली ना, की सगळे गप्प बसतात,” औषधवाला म्हणाला. जावईबापू गोळी तिथेच विसरून घरी आले.

बायकोचा जुना फोन कपाटात पडून होता. त्यावर त्यांनी ‘एक साधी आजी’ या नावाने खातं उघडलं. काम पाच मिनिटांचं, एक मत टाकायचं आणि विषय संपवायचा. पण मंडळात शिरणं ही काही गंमत नव्हती. अप्पांनी प्रवेशासाठी प्रश्न ठेवले होते आणि अर्ज ते स्वतः तपासत. ‘गाढवाचा कोणता कान फाटका आहे?’ जावईबापू मनात हसले. ज्याने तो कान फाडला त्यालाच विचारताय! त्यांनी ‘उजवा’ लिहिलं. अर्ज परत आला. शेरा: ‘अंशतः असत्य.’

शेवटी चहाच्या वेळी त्यांनी अप्पांनाच विचारलं, “अप्पा, आपल्या गाढवाचा कान... उजवा ना फाटलेला?”

अप्पांनी कप खाली ठेवला. “डावा. पहिल्या भागापासून डावा. चित्रकाराने बदलला असेल. तुमचंच गाढव ना ते?”

“हो, म्हणजे... मी पाहत नाही ना.”

“हं,” अप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो वयाच्या रकान्यामुळे. आजींनी ‘वय: बरंच’ असं लिहिलं होतं आणि अप्पांचा शेरा होता, ‘बरंच म्हणजे किती?’ एका लेखकाला एक साधी म्हातारी होण्यासाठी एवढा अपमान सोसावा लागेल असं जावईबापूंना वाटलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला आजी आत गेल्या आणि जावईबापूंनी न्हाणीघराचं दार लावून पहिलं मत लिहिलं:

“अप्पासाहेब, तुमचा राग रास्त आहे, पण तुम्ही घाई केलीत. घरी पाहुणा आला की घरचा माणूस मागे बसतो. गाढव मागे उभं राहिलं ते हरलं म्हणून नव्हे. पाहुण्याची आब राखली त्याने. ज्याला सगळं ठाऊक असतं त्याला पुढे पुढे करावं लागत नाही.”

बाहेर हॉलमध्ये अप्पांच्या खुर्चीची करकर ऐकू आली. मग फोनवर उत्तर उमटलं: “मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे.”

जावईबापूंना बादलीवर बसल्या बसल्या उडी मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत अप्पांनी त्यांचा एकही मुद्दा विचारात घेतला नव्हता. बाजारातून दुधी आणावा की पडवळ, एवढा मुद्दासुद्धा नाही.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण डॉक्टरांनी लिहिलं, “आजींचं बरोबर वाटतंय.” औषधवाल्याने आजींना हात जोडले. कुणीतरी विचारलं, “आजी, मग टाळ्यांचं काय?” आता आजी गप्प कशा बसणार? आजींनी टाळ्यांचं समर्थन केलं, चोराच्या रडण्याचं केलं आणि अप्पांनी हरकत घेतली की त्यांच्याशी कडकडून वाद घातला. “अप्पासाहेब, आपल्याला रडणारी माणसं खोटी वाटतात, कारण आपण स्वतः रडत नाही,” असं आजींनी एकदा लिहिलं आणि पाठवल्यावर जावईबापू स्वतःच घाबरले. समोरासमोर हे वाक्य त्यांच्या घशातून बाहेर पडलं नसतं. आता अप्पा मंडळातून हाकलतील म्हणून ते वाट पाहत राहिले. उत्तर आलं, “असेल तसं.”

हळूहळू असं झालं की भिंतीच्या अलीकडे जावईबापू, पलीकडे अप्पा, आणि दोघे आपापल्या फोनवर टाइप करतायत. इकडे बटण दाबलं की तिकडे टिंग वाजायचं. जावईबापू दर वेळी दचकायचे. आणि वाद निवळल्यावर अप्पा भलतंच काही लिहायला लागले. आजी, जेवलात का? आजी, गुडघा कसा आहे? कोमट पाण्यात मीठ घालून शेका. ते आता ग्रुपवर लिहायला बसण्यापूर्वी इस्त्रीचा शर्ट घालत.

बायकोच्या हे आधी लक्षात आलं. “अप्पांनी आज दाढीचा नवा साबण मागवला,” ती म्हणाली. “ही साधी आजी कोण आहे रे?” जावईबापूंना ठसका लागला. बायकोने ठसक्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग सरळ जाऊन जुना फोन काढला. वाचता वाचता तिचे डोळे मोठे होत गेले.

“माझ्या बापाशी तू गुलुगुलु बोलतोयस?”

“अगं, फक्त भागाबद्दल...”

“‘गारठा वाढलाय, कानाला रुमाल बांधत जा.’ हे भागाबद्दल?”

जावईबापूंनी मान खाली घातली. बायको पलंगावर बसली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली. “हे बघ, हे आजच्या आज बंद कर. अप्पांना कळलं तर ते ओरडणार नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ऑफिसात एकाने त्यांना एकदा खोटं सांगितलं होतं. शेजारच्या टेबलावर बसायचा तो. निवृत्त होईपर्यंत अप्पा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.”

जावईबापूंनी ठरवलं: आजींना गावी पाठवायचं, जिथे फोनला रेंज नाही अशा गावी. पण जाता जाता शेवटचं एक मत. शुक्रवार जवळ आला होता, सूर बदलत होता, थोडासाच धक्का हवा होता. आणि शेवटच्या मतात माणूस मनातलं बोलतोच. आजींनी लिहिलं:

“सगळे म्हणतात गाढव हरलं. मग तो खूर विसरलात? साहेबांच्या पांढऱ्या कोटावर पाठीमागे उमटलेला खूर! साहेबांनी सगळ्यांना सही दिली, गाढवाला नाही दिली. तर गाढवानेच त्यांना दिली. लेखकाने सगळं देऊन टाकलं असेल, पण तेवढं एक ठेवलं. मला तर रडू आलं.”

पाठवलं. जावईबापूंनी समाधानाने सुस्कारा सोडला आणि फोन खिशात ठेवला.

तिकडे टिंग वाजलं आणि खुर्ची करकरायची थांबली. मग प्लग लावल्याचा आवाज आला. भागाचं सुरुवातीचं संगीत आलं. थांबलं. पुन्हा आलं. नाटकगृहाच्या मागच्या दाराचं संगीत आलं, थांबलं, मागे गेलं, पुन्हा आलं. जावईबापू दाराच्या फटीतून पाहायला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला भाग टीव्हीवर पाहिला. सुपरस्टार सह्या देत होते. सह्या देऊन झाल्या. संगीत चालूच होतं आणि पडद्यावर सुपरस्टार केसांतून हात फिरवत होते. शाई नव्हती, खूर नव्हता. कोट पुढूनही पांढरा आणि मागूनही पांढरा.

दृश्य कापलं होतं! शेवटच्या दिवशी मॅनेजरने पाहिलं असणार, मॅडमनी काढायला सांगितलं असणार आणि लेखकाला काय सांगायचंय म्हणून कुणी सांगितलं नसणार. जे दृश्य पाहून रडू आलं असं आजींनी लिहिलं, ते टीव्हीवर कुणी पाहिलेलंच नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. अप्पांनी सर्वांसमोर लिहिलं होतं: “आजी, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

अर्ध्या तासात हॉलमध्ये तपास सुरू झाला. डॉक्टर दवाखाना बंद करून आले, औषधवाला दुकान माणसावर सोडून आला. भाग थांबवत थांबवत पाहण्यात आला. जावईबापूंना पाणी द्यायला बोलावलं गेलं. तांब्या आणि पेले घेऊन ते उभे राहिले.

“आजी स्टुडिओतल्या आहेत, दुसरं काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “कापलेलं दृश्य त्यांनी पाहिलंय. जावईबापू, तुम्ही असता ना तिकडे? एखादी वयस्क बाई आहे का कामाला?”

“न... नाही,” जावईबापू म्हणाले. हे तरी खरं होतं.

“पण स्टुडिओतल्या माणसाला दृश्य कापलंय हेही माहीत असणार ना?” औषधवाला डोकं खाजवत म्हणाला. “मग ते दाखवलं असं का लिहील?”

अप्पांनी पेला घेतला, एक घोट प्यायले आणि पेल्यावरून जावईबापूंकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. “जावईबापूंना त्रास देऊ नका,” ते म्हणाले. “त्यांनी तो भाग पाहिलेला नाही.”

त्यानंतर अप्पा जावईबापूंशी बोलले नाहीत. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. मीठ हवं असलं तरी ते लेकीकडे मागत. जावईबापू मीठ उचलून पुढे करत आणि अप्पा ते ताटात वाढून घेत, पण वर पाहत नसत. कळलंय की नाही कळलं? बायको दोघांच्या तोंडाकडे पाहायची आणि पोळ्या वाढायची.

इकडे ग्रुपवर भलतंच झालं होतं. सगळ्यांचा एकच धोशा, कोट दाखवा, खूर दाखवा. आजींचं मत कुठून कुठे पोचलं होतं. गाढवाचं नाव न ऐकलेले लोकही खूर मागत होते. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. “कोण आहे ही म्हातारी? शुक्रवारी मला ती ऑफिसात हवी. आणि त्या मंडळाचे अध्यक्ष कुणी अप्पा आहेत, त्यांनाही बोलावलंय.”

शुक्रवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षात बसले. जावईबापू शेजारी. वाटेत अप्पांनी एकदाच तोंड उघडलं, ते रिक्षावाल्याला “सिग्नल आहे” असं सांगायला. जावईबापूंच्या मनात दहा वेळा आलं की आत्ता सांगून टाकावं. दहाही वेळा त्यांनी रिक्षाचं मीटर पाहिलं.

मॅडमच्या खोलीत चॅनलचे साहेब आधीच बसले होते. भिंतीवर मोठा पडदा होता. मॅडमनी अप्पांना खुर्ची दिली, जावईबापूंना दिली नाही. ते रोजचे म्हणून उभे राहिले.

“आजी आल्या नाहीत?” मॅडमनी विचारलं.

“आल्या आहेत,” अप्पा म्हणाले. “आधी माझं ऐकून घ्या.”



“अप्पासाहेब,” चॅनलच्या साहेबांनी मध्येच सुरू केलं, “आमचं ठरलंय. एवढा गाजावाजा आमच्या जाहिरातींनी झाला नव्हता. त्या आजी म्हणतील ते देऊ. पुढचा सीझन त्यांनीच लिहावा. हे जे तुमचे आत्ताचे लेखक आहेत...” ते जावईबापूंकडे पाहून थोडे अडखळले. “त्यांना रजा देऊ.”

क्षणभर जावईबापूंना हसावं की रडावं ते कळेना. स्वतःच्याच जागी स्वतःलाच नेमत होते आणि त्यासाठी स्वतःलाच काढत होते. गप्प बसलं तर गाढव वाचत होतं. आजी घरून लिहितील, आजींची तब्येत बरी नसेल, आजी कधी कुणाला भेटणार नाहीत. सगळं जमण्यासारखं होतं. फक्त अप्पांशी जन्मभर खोटं बोलावं लागलं असतं, आणि तेही पलीकडच्या खोलीतून.

“आजींनी अर्जात फाटका कान उजवा लिहिला होता,” अप्पा शांतपणे बोलायला लागले. “तो लिहिताना उजवा होता, चित्रात डावा झाला. म्हणजे आजींनी लिहिलेलं पाहिलं, काढलेलं पाहिलं नाही. कोटावरचा खूरही लिहिलेला होता, दाखवलेला नव्हता. तुमच्या स्टुडिओत प्रत्येकाने भाग पाहिलाय. ज्याने तो लिहिलाय आणि पाहिला मात्र नाही असा माणूस एकच. भाग लागला त्या वेळी तो टीव्हीकडे पाठ करून...”

“मी!” जावईबापू ओरडले. “आजी मीच आहे. सगळं मीच लिहिलं. अप्पा, चुकलो मी. घाबरलो होतो. गाढव जाईल म्हणून घाबरलो होतो.”

“माझं वाक्य पूर्ण झालेलं नाही,” अप्पा म्हणाले.

“पण अप्पा...”

“जावईबापू, मला पूर्ण करू द्या.” तपासाच्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच अप्पा त्यांच्याशी बोलले होते आणि तेही गप्प बसवण्यासाठी. “मॅडम, माझे दोन आक्षेप आहेत. पहिला यांच्यावर. यांनी खोट्या नावाने मंडळात प्रवेश मिळवला. ते मी घरी बघतो. दुसरा तुमच्यावर. या माणसाने गाढव उभं केलं. त्याचं डोकं, त्याचं गप्प राहणं, सगळं याचं आहे. त्याने भागात एक गोष्ट स्वतःची ठेवली होती आणि ती तुम्ही त्याला न विचारता कापलीत. लेखकाने विश्वासघात केला असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेतो. आता तो खूर मला दाखवा. त्याशिवाय मी इथून उठत नाही.”

मॅडमनी चॅनलच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले. कुणीतरी जाऊन दृश्य शोधून आणलं, पडद्यावर लावलं.

संगीत सुरू झालं. जावईबापू सवयीने वळले आणि पडद्याकडे पाठ करून अप्पांसमोर उभे राहिले. अप्पांचा चेहरा नेहमीसारखाच होता, तपासणीला बसल्यासारखा. पेनाला टोपण लागलं असेल. शाई आली असेल. आता खूर. अप्पांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. मग पोट हललं, आणि अप्पा असे हसायला लागले की खुर्ची पुढे सरकली. त्यांनी हात वर करून थांबवायची खूण केली, पण ते पडद्याला नव्हे, स्वतःलाच थांबवत होते. चॅनलचे साहेब पडदा सोडून अप्पांकडे पाहायला लागले.

जावईबापूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

खूर दाखवला गेला. दुसऱ्याच दिवशी सुपरस्टारांनी स्वतः जाहीर केलं की ती कल्पना मुळात त्यांचीच होती, आणि मॅनेजरने दुजोरा दिला. जावईबापूंचं काम राहिलं. मंडळात अप्पांनी सगळी हकीकत नियमाप्रमाणे मांडली आणि आजींना काढून टाकलं. डॉक्टर दोन दिवस जावईबापूंना लिफ्टमध्ये पाहून जिन्याने गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाताची मोफत तपासणी करून दिली आणि तपासताना पुढच्या भागातला चोर कोण ते विचारलं. तोंड उघडं असल्यामुळे जावईबापूंना सांगता आलं नाही.

घरी मात्र अप्पा काही बोलले नव्हते. “घरी बघतो” म्हणाले होते, पण बघत नव्हते. त्या शर्टाची इस्त्री मोडली होती आणि ती पुन्हा झाली नव्हती. ते पाहून जावईबापूंना आत कुठेतरी टोचायचं. आजींना आपण जन्म दिला आणि अप्पांच्या वाटेवर आणून सोडलं, याची त्यांना खरीखुरी लाज वाटत होती.

नवा भाग लागला. संपला. ग्रुपवर सगळ्यांनी छान छान लिहिलं. अप्पांनी फोन पाहिला, बाजूला ठेवला, पुन्हा पाहिला. मग ते उठून जावईबापूंच्या दाराशी आले.

“बरं होतं,” ते म्हणाले.

“थँक्यू, अप्पा.”

अप्पा गेले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले. “सगळे छान म्हणतात. वाद घालायला कुणी नाही. त्या... त्या असत्या तर भांडल्या असत्या.” ते थांबले. “खोटं मला सहन होत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या खोट्या होत्या असं मला अजून पटत नाही. मला त्यांची आठवण येते. आता ते तुम्हाला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?”

“हो अप्पा,” एवढंच जावईबापू म्हणाले.

“हेच!” अप्पांचा आवाज चढला. “नुसतं हो अप्पा, हो अप्पा! इतकी वर्षं एका घरात राहतो आपण. गाढव आज चौकीबाहेर थांबलं ते माझ्या मते साफ चूक आहे. यावर तुमचं काही म्हणणं आहे की नाही?”

आजूबाजूला न्हाणीघर नव्हतं, भिंत नव्हती, फोन कपाटात होता.

“आहे,” जावईबापू म्हणाले. “तुम्हाला गाढव कळलेलंच नाही, अप्पा.”

अप्पांचे डोळे चमकले. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. “कळलेलं नाही? मला? बोला!”

मग जे सुरू झालं ते जेवणाची वेळ टळून गेली तरी संपेना. बायकोने आतून दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ती दाराशी येऊन म्हणाली, “जरा हळू, शेजारी ऐकतायत.” दोघांपैकी कुणीच आवाज खाली आणला नाही.